दाराशी स्नानकुंड, पूर्वेला वेदी

करकंबवरून आषाढीला पंढरीकडे जाणाऱ्या दिंड्यांतील सर्वच वारकरी गाभाऱ्यापर्यंत पोहोचतात असे नाही. कित्येकजण मुखदर्शन घेतात, तर कित्येकजण कळसाला हात जोडून माघारी वळतात. मंदिराच्या प्रत्येक भागाशी भाविकाचे काही नाते असते, हे पंढरपूर तालुक्यात राहणाऱ्या आम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. आपल्या ख्रिस्तमंदिराकडे मात्र आपण या दृष्टीने क्वचितच पाहतो.

मुंबईत कुलाब्याला सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे मंदिर आहे. पहिल्या अफगाण युद्धात व सिंधच्या मोहिमेत पडलेल्या सैनिकांचे ते स्मारक असल्याने लोक त्याला ‘अफगाण चर्च’ म्हणतात. ४ डिसेंबर १८४७ रोजी त्याची पायाभरणी झाली, ७ जानेवारी १८५८ रोजी ते उपासनेस अर्पण करण्यात आले आणि १९८ फूट उंचीचा मनोरा १८६५ मध्ये पूर्ण झाला. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा. विहार तलावाची पाणीयोजना आखणारे अभियंते ते हेच. मंदिर मूळचे अँग्लिकन पंथाचे. आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. तरीही त्याची घडण आहे तेराव्या शतकातील इंग्लिश धर्मग्रामाच्या मंदिराची, म्हणजे इंग्लंड जेव्हा कॅथोलिक होते त्या काळाची.

ती घडण पवित्र मिस्सातूनच आकारास आली होती. स्नानकुंड दाराजवळ असे, कारण स्नानसंस्कार हेच ख्रिस्तसभेचे प्रवेशद्वार. विवाहाची वचने मंदिराच्या दारात, पडवीत दिली जात व नंतर वधूवर मिस्सासाठी आत जात. आतला लांब मंडप भाविकांचा. त्याच्या पूर्वेस एका कमानीपलीकडे धर्मगुरूंचा वेदीमंडप व तेथे वेदी. कारण उगवतीकडे तोंड करून प्रभूच्या पुनरागमनाची वाट पाहावी, ही प्राचीन परंपरा. दोहोंच्या मध्ये कोरीव लाकडी जाळी, तिच्यावर क्रूस आणि क्रुसाच्या दोन बाजूंस पवित्र मारिया व संत योहान. कोठे कोठे भिंतीत तिरका झरोका ठेवीत, म्हणजे बाजूस उभ्या असलेल्यालाही उंचावलेला परमप्रसाद दिसावा. आमच्याकडील माणसाला तेथे मुखदर्शनच आठवेल.

आणखी एक गोष्ट आम्हांला फार मोलाची वाटते. वेदीमंडपाची डागडुजी धर्मगुरूंच्या पदाकडे आणि लोकांच्या मंडपाची डागडुजी लोकांकडे, अशी तेथील रीत होती. छप्पर गळू लागले तर ते शाकारण्याची जबाबदारी धर्मग्रामातील कुटुंबांची असे. मंडप त्यांचा होता, म्हणून त्याचा भारही त्यांचाच होता.

१५३४ साली राजा आठवा हेन्री याने इंग्लंडची ख्रिस्तसभा रोमपासून तोडली. योगायोग असा, की त्याच वर्षीच्या डिसेंबरात वसई पोर्तुगीजांच्या हाती आली आणि आपल्या किनाऱ्यावर कॅथोलिक मंदिरे उभी राहू लागली. पुढे इंग्लंडमध्ये जाळीवरचे क्रूस उतरवले गेले, भिंतींवरील चित्रांवर चुना फासला गेला. तिकडे मंदिरे टिकली, मिस्सा गेली. वसईच्या किल्ल्यात १७३९ नंतर मंदिरे ओसाड पडली. पण गावोगावच्या कुटुंबांनी श्रद्धा जपली व मिस्सा टिकली. दगड आणि श्रद्धा यांचे भाग्य नेहमीच एक नसते.

एकोणिसाव्या शतकात खुद्द अँग्लिकनांनाच त्या जुन्या घडणीची ओढ लागली. केंब्रिज येथे १८३९ साली त्यासाठी एक मंडळ स्थापन झाले. त्या ओढीतूनच ती घडण समुद्र ओलांडून कुलाब्यास आली.

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजात भाविकांच्या सक्रिय सहभागावर भर दिला. त्यानंतर वेदी लोकांच्या जवळ आली व धर्मगुरू लोकांकडे तोंड करून मिस्सा अर्पू लागले. हा बदल स्वागतार्हच होता. पण जवळ येणे म्हणजे भेद पुसणे नव्हे. नवे मंदिर बांधताना आपण किती माणसे मावतील, खर्च किती येईल, एवढेच विचारले तर हाती एक सभागृह येईल. स्नानकुंड कोठे असावे, वेदी कोठून दिसावी, दारात पाऊल ठेवताच मन कशाकडे वळावे, हेही विचारले पाहिजे. आणि छप्पर गळू लागले, की धर्मगुरूंकडे पाहण्याआधी, मंडप कोणाचा आहे, हे आपण आठवले पाहिजे.