कुलाब्याचे जुने दीपगृह आणि प्राँग्ज दीपगृह : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रास्ताविक :
इ.स. 1850 मध्ये ठाण्याचे तत्कालीन कलेक्टर ह्यू मॅलेट चौक येथून डोंगर चढून माथेरानवर पोहोचले. निरभ्र हवेत त्या पठारावरून मुंबई बंदराचा परिसर दृष्टीस पडतो. त्या काळी या बंदराची वाट कुलाब्याच्या दक्षिण भागातील दीपगृह दाखवीत असे. अवघ्या पंचवीस वर्षांत त्याची जागा दुसऱ्या दीपगृहाने घेतली. या बदलामागील कारणांचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विवेचन :
जुने दीपगृह अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, 1771 च्या सुमारास प्रकाशित झाले. ते जमिनीवर होते. जहाजांना असलेला धोका मात्र त्यापुढे समुद्रात पसरलेल्या खडकांत होता. दिवा दिसत असूनही खडकांचे टोक नेमके कोठे संपते, हे खलाशाला अंदाजानेच ठरवावे लागे. 1869 मध्ये सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईच्या जलवाहतुकीस गती मिळाली आणि ही उणीव अधिक जाणवू लागली. तत्पूर्वी 1867 मध्ये खांदेरी बेटावर दीपगृह उभारले गेले होते. दिवे किनाऱ्याकडून समुद्राकडे सरकू लागल्याचे ते द्योतक होय.

अभियंता थॉमस ऑर्मिस्टन यांनी भरतीच्या वेळी पाण्याने वेढल्या जाणाऱ्या प्राँग्ज खडकावर सुमारे 146 फूट उंचीचा वर्तुळाकार मनोरा बांधला. सुमारे 6 लाख 20 हजार रुपये खर्चाचे हे दीपगृह 1875 मध्ये पूर्ण झाले. ओहोटीत तेथे पायी जाता येते, भरतीत मात्र किनाऱ्याशी संबंध तुटतो. धोका जेथे, तेथेच दिवा, हे या बदलाचे मर्म आहे. त्याची किंमत मात्र तेथील दीपरक्षकांनी एकांतवासाने मोजली.

जुना मनोरा दिवा मालवल्यानंतरही दीर्घकाळ उभा होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो पाडण्यात आला. उपयुक्तता संपलेल्या वास्तूचे ऐतिहासिक मूल्य तेव्हा विचारात घेतले गेले नाही, ही खेदाची बाब आहे.

समारोप :
आपल्या जिल्ह्यातील अभ्यासकांनी येथे एक दक्षता घेणे अगत्याचे आहे. रायगड जिल्ह्याचे 1981 पूर्वीचे ‘कुलाबा’ हे नाव अलिबागच्या जलदुर्गावरून आलेले होते. उपरोक्त दीपगृह मुंबईच्या कुलाब्यातील होय. मूळ वास्तूच नाहीशी झाल्यामुळे असा नामसाम्याचा गोंधळ जागेवर जाऊन दूर करता येत नाही. म्हणूनच दप्तरातील प्रत्येक ‘कुलाबा’ कोणता, हे प्रथम निश्चित करावे लागते.