देवाचा दरबार

कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १९१७ साली साताऱ्यात स्थापलेला ख्रिस्तभक्तांचा मेळा. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात सारखाच प्रवेश होता. येशूवर भक्ती असली की पुरे. चर्चच्या शिस्तीत हे बसणारे नव्हतेच. अमेरिकन मराठी मिशनची पगारी नोकरी टिळकांनी त्याच साली सोडली. ख्रिस्ती झाले म्हणून हिंदी माणसाने आपली भाषा, चालीरीती नि आप्त टाकावेत, हे त्यांना मान्य नव्हते. म्हणून उपासनेत भजन-कीर्तन आले, वारकरी वळणाचे अभंग आले.

ही वृत्ती दरबाराच्याही आधीची, आणि तिची खरी कसोटी घरातच लागली. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी लक्ष्मीबाई दुरावल्या. पुढे त्या नगरला नांदायला आल्या त्या आपले सोवळेओवळे घेऊनच. टिळकांनी धर्मांतराची सक्ती केली नाही. १९०० मध्ये त्या स्वतःहून ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात हा प्रवास त्यांनी मिस्कीलपणे सांगितला आहे, आणि कोणत्याही धर्मशास्त्रीय विवेचनापेक्षा तो बोलका आहे.

९ मे १९१९ रोजी टिळक वारले. दरबार संस्था म्हणून रुजला नाही. त्यांची भजने मात्र मराठी चर्चमध्ये आजही गातात.