वकील, पेढी आणि दफ्तर

वकील हा शब्द आज न्यायालयांत पक्षकाराची बाजू मांडणाऱ्या गृहस्थास लावितात. जुन्या मराठी पत्रव्यवहारांत त्याचा अर्थ निराळा आहे. तेथें वकील म्हणजे धन्याच्या वतीनें परदरबारीं राहून बोलणारा, तहाचे मसुदे ठरविणारा व तेथील बातमी कळविणारा प्रतिनिधि. दिल्लीस पेशव्यांची वकिली महादेवभट हिंगणे व त्यांचे पुत्र यांनीं केली. निजामाच्या दरबारीं गोविंदराव काळे होते. हिंगण्यांच्या घरीं हें काम पित्याकडून पुत्रांकडे आलें. व्यक्ति गेली तरी मागील बोलण्याचा दाखला घराण्याच्या दफ्तरांत राहिला. परक्या राज्यांतील रीत व माणसें जाणणारें आणि जुने कागद जपणारें असें एक घर धन्यास लागतें. बहुराष्ट्रीय कायदेपेढ्यांचें मूळ प्रयोजन याहून निराळें नाहीं, असें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

हें प्रयोजन समजण्यास लंडनपर्यंत जाण्याचें कारण नाहीं. दुधनीची बाजारपेठ पुरे. ज्या अक्कलकोट तालुक्यांत हें गांव आहे, तो मुलूख बहुतांशीं १९४८ पर्यंत अक्कलकोटकर भोसल्यांच्या संस्थानांत मोडत असे. पश्चिमेस सोलापूरचा इंग्रजी जिल्हा, पूर्वेस गुलबर्ग्याकडील निजामी मुलूख. मुंबईहून रायचुरास जाणारा लोहमार्ग १८७१ त पुरा झाला आणि आगगाडी या तिन्ही राज्यांच्या सीमा कांहीं तासांत ओलांडूं लागली. न्यायाधीशाचा हुकूमनामा मात्र तितक्या सहज सीमा ओलांडीत नसे. फरीदकोट संस्थानच्या न्यायालयानें तेथून निघून गेलेल्या इसमावर दिलेला निवाडा इंग्रजी मुलखांत निरर्थक आहे, असें प्रिव्ही कौन्सिलनें १८९४ त ठरविलें. १९०८ च्या दिवाणी संहितेनेंही ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेरील न्यायालयास परकीय न्यायालय म्हटलें. सरकारी जाहीरनाम्यानें मुभा मिळालेल्या संस्थानांचे हुकूमनामे तेवढे थेट बजावतां येत. इतरांच्या बाबतींत नवी फिर्याद मांडणें भाग पडे. अर्थात् दोन्हीं बाजूंस येणें असलेल्या व्यापाऱ्याचें काम एका वकिलानें भागण्यासारखें नव्हतें.

मुंबईस हीच अडचण मोठ्या प्रमाणावर होती आणि तेथें तिच्यावर पेढीचा उपाय निघाला. विलायतेंतील भांडवल, मुंबईंतील गिरणी आणि वऱ्हाडांतील कापूस यांस बांधणारे करार कोणीतरी लिहिणें व जपणें अवश्य होतें. क्रॉफर्ड बेली ही पेढी आपला आरंभ १८३० पासून मोजते. लिटल आणि कंपनी १८५६ पासून, वाडिया गांधी १८८३ पासून. १८६२ त उच्च न्यायालय स्थापन झाल्यावर त्याच्या मूळ शाखेंत पक्षकारानें प्रथम सॉलिसिटराकडे जावें व सॉलिसिटरानें बॅरिस्टरास उभें करावें, अशी द्विविध पद्धति चालली. ती १९७६ च्या कायदेदुरुस्तीनें संपली. तोंवर बोलणारा बॅरिस्टर एकटा व कागद राखणारी पेढी सामाईक, ही विभागणी कायम होती. संस्थापकांचीं नांवें पाटीवर राहत, भागीदार बदलत, कागद मात्र त्याच कचेरींत राहत.

पश्चिमेकडील पेढ्यांचा विस्तारही व्यापाराच्या मागोमाग झाला. बेकर मॅकेंझी ही पेढी १९४९ त शिकागो येथें निघाली व १९५५ त तिनें व्हेनेझुएलांतील काराकास येथें पहिली परदेशीं कचेरी उघडली. इंग्लंडांत भागीदारांच्या संख्येवर वीसांची मर्यादा होती. ती १९६७ त सॉलिसिटरांपुरती उठली आणि मोठ्या पेढ्यांचा मार्ग मोकळा झाला. १९८७ त दोन जुन्या पेढ्या मिळून क्लिफर्ड चान्स झाली.

१९९० नंतरच्या दशकांत अशा कांहीं विदेशी पेढ्यांनीं रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनें भारतांत संपर्क-कचेऱ्या उघडल्या. त्या परवानग्या अवैध असल्याचें मुंबई उच्च न्यायालयानें डिसेंबर २००९ त सांगितलें: वकिली म्हणजे केवळ न्यायालयांत उभें राहणें नव्हे, सल्ला व मसुदाही तिच्यांतच येतात. मार्च २०१८ त सर्वोच्च न्यायालयानें हें तत्त्व कायम राखून, परकीय कायद्याचा सल्ला देण्यास प्रसंगोपात्त येण्याची मोकळीक दिली. त्या न्यायपीठांत न्या. आदर्शकुमार गोयल यांजबरोबर न्या. उदय लळित होते. लळित घराण्याचा सोलापूरच्या वकिलीशीं जुना संबंध आहे. पुढें मार्च २०२३ त बार कौन्सिलनें परस्परतेच्या तत्त्वावर विदेशी पेढ्यांस न्यायालयाबाहेरील मर्यादित कामापुरतें नोंदणीचें द्वार उघडलें.

या पेढ्या याव्यात कीं नाहीं, हा वाद धंद्याचा आहे. संशोधकाचा प्रश्न दफ्तराचा. हिंगण्यांचीं पत्रें राहिलीं आणि प्रसिद्ध झालीं, म्हणून दिल्लीचें राजकारण आपणांस आंतून दिसतें. पेढ्यांच्या कागदांस असा योग सहज येणार नाहीं. वकिलास सांगितलेली गोष्ट गुप्त राखण्याचें बंधन १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें घातलें, तें काम संपल्यावरही कायम राहतें, आणि २०२३ च्या नव्या अधिनियमानेंही तें उचललें आहे. या बंधनास वर्षांची मुदत नाहीं. पक्षकाराच्या दृष्टीनें तें न्याय्य आहे. पण गिरणी बुडाली, वारस उरला नाहीं, तरी रुमाल बंदच राहावा, यांत कोणाचें हित रक्षिलें जातें? न उघडलेला रुमाल शेवटीं जागेच्या अडचणीनें रद्दींत जातो.

पक्षकाराच्या घरच्या प्रतीस मात्र हें बंधन नाहीं. ती त्याच्या वारसाची मालमत्ता आहे. तेव्हां संग्राहकांनीं दुधनी, अक्कलकोट व गुलबर्गा येथील जुन्या अडत-दुकानांतून मराठी, कानडी, उर्दू व इंग्रजी मुखत्यारपत्रें, हुकूमनाम्यांच्या नकला आणि वकिलांचीं पत्रें आस्थेनें पाहावीं. शिलालेख व सनदा शोधणाऱ्यांस असले कागद क्षुल्लक वाटतात. तथापि तीन राज्यांच्या कायद्यांतून एका व्यापाऱ्यानें आपलें येणें कसें वसूल केलें, हें सांगणारा दुसरा साक्षीदार मिळणें कठीण. पेढ्यांनींही शंभर वर्षांपूर्वींचे रुमाल, वारसांची संमति घेऊन, एखाद्या संशोधन-संस्थेच्या स्वाधीन करावे. तसें झालें तर विसाव्या शतकाचा आर्थिक इतिहास लिहिणारास हिंगणे दफ्तरासारखें साधन हातीं येईल.