शनवार तेली जेरुसलेमला जातात तेव्हा

ही मालिका ऐकणारे तुमच्यापैकी बरेच जण महाराष्ट्राबाहेर राहतात. कुणी बडोद्याला, कुणी इंदूरला, कुणी हैदराबादला, कुणी बंगळुरूला. त्यामुळे "तुम्ही मूळचे कुठले?" हा प्रश्न तुम्हाला नवा नाही. महाराष्ट्रात गेलात की तुम्ही बाहेरचे, आणि राहता त्या गावात तर बाहेरचे आहातच. आज ज्या लोकांबद्दल बोलणार आहे, त्यांना हाच प्रश्न एका सरकारी कचेरीत विचारला गेला आणि उत्तरावर मुलामुलींची लग्नं अडली. हे लोक म्हणजे बेने इस्रायल, आपल्या कोकणातले मराठी ज्यू.

सुरुवात अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर होते. समाजाची परंपरा अशी की, फार प्राचीन काळी एक गलबत इथे फुटलं, त्यातून सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि बुडालेल्यांना नवगावलाच पुरलं. तिथे आज स्मारक आहे. काळ कुणी इसवी सनाआधीचा सांगतं, कुणी बराच नंतरचा. लेखी पुरावा नसल्यामुळे मी ती परंपरा म्हणूनच सांगतो. पण पुढे काय घडलं ते मात्र स्पष्ट दिसतं. ही माणसं अष्टागरात आणि आसपासच्या गावांत पसरली, घाणे चालवू लागली, भाषा मराठी झाली, बायका लुगडं नेसू लागल्या. आडनावं गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, दिवेकर, किहीमकर. सिनेमात नुसतं 'डेव्हिड' म्हणून आपण ज्यांना ओळखतो, त्यांचं पूर्ण नाव डेव्हिड अब्राहम चेऊलकर. चेऊल म्हणजे आपलं चौल.

पहिली नावंही मराठी वळणाची झाली. मुंबईत 1796 साली या समाजाचं पहिलं प्रार्थनामंदिर बांधणारा सॅम्युअल इझिकेल दिवेकर हा गावच्या बोलीत सामाजी हसाजी दिवेकर होता. कंपनी सरकारच्या फौजेतला माणूस. टिपूच्या कैदेतून सुटला तर देवाचं घर बांधीन असा त्याचा नवस होता, असं सांगतात. आणि गंमत पाहा, प्रार्थनामंदिराला हे लोक बोलताना 'मशीद' म्हणत आणि धर्मकार्य करणाऱ्याला 'काजी'. मुंबईतल्या मशीद बंदराचं नाव याच मशिदीवरून पडलं असं पुष्कळ जण मानतात. नवी भाषा घेतली की त्या भाषेतल्या शेजाऱ्यांचे शब्दही घरात येतात, कुणाचा धर्म कुठला हे शब्द विचारत नाहीत.

मग वेगळं काय उरलं? शनिवार उरला. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं 'शनवार तेली'. मुलग्यांची सुंता, काही सण आणि उपास, खाण्यापिण्याचे नियम आणि 'शमा' या प्रार्थनेची पहिली ओळ, एवढंच शिल्लक होतं. हिब्रू विसरली गेली होती. डेव्हिड रहाबी नावाचा एक ज्यू कोकणात आला तेव्हाची गोष्ट सांगतात. त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही. हे खरंच आपले लोक आहेत का, हे पाहण्यासाठी त्याने घरातल्या बायकांपुढे मिसळीची मासळी ठेवली आणि रांधायला सांगितलं. बायकांनी पर आणि खवले असलेले मासे तेवढे घेतले, बाकीचे बाजूला सारले. रहाबीची खात्री पटली. म्हणजे पोथी हरवली होती, पण चुलीपाशी तिच्यातला एक नियम पाळला जात होता. मला ही कथा फार आवडते, कारण तिच्यात परीक्षा घेणारा हातात कागद मागत नाही.

गावाने या लोकांना काय दिलं? एक जागा दिली. जातींच्या उतरंडीतली जागा होती, हे लपवायचं कारण नाही. तेल्याची पायरी ती तेल्याची. शिवाय उतरंड या समाजाच्या घरातही शिरली. 'गोरे' आणि 'काळे' असे दोन गट पडले, मिश्र विवाहातून आलेल्या काळ्यांशी गोरे रोटीबेटी व्यवहार करत नसत. नव्या मुलखात रुळताना माणूस तिथलं चांगलं तेवढंच उचलतो असं नाही. आणखी दोन गोष्टी त्यांनी शेजाऱ्यांकडून घेतल्या: गोमांस टाळणं आणि विधवेचं लग्न टाळणं. ही दुसरी गोष्ट लक्षात ठेवा.

एकोणिसाव्या शतकात चित्र बदललं. मुंबईत नोकऱ्या मिळाल्या, पलटणीत, रेल्वेत, कचेऱ्यांत. कोचीच्या ज्यूंनी त्यांना प्रार्थना शिकवल्या. मिशनऱ्यांनी आपल्या हेतूने का होईना, हिब्रू शिकवली. जॉन विल्सन यांनी 1832 साली मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतलं, धर्म बहुतेकांनी आपलाच ठेवला. 1846 मध्ये मुंबईत वल्हांडणाच्या सणाची पोथी, म्हणजे हगादा, मराठी भाषांतरासह छापली गेली, आणि 1874 मध्ये पुण्यात सचित्र. पुढे 1937 साली याच समाजातले डॉ. ई. मोझेस मुंबईचे महापौर झाले. वरळीकडे जाणारा रस्ता त्यांच्याच नावाचा.

इस्रायल राष्ट्र 1948 साली झालं तेव्हा भारतात सुमारे 20,000 बेने इस्रायल होते. पुढच्या वीस वर्षांत त्यातले बहुतेक निघाले. भारतात त्यांचा छळ झाला म्हणून नाही, कुणी तसा दावाही करत नाही. ज्या देशाचं नाव प्रार्थनेत पिढ्यानपिढ्या घेतलं, तो देश प्रत्यक्षात आला होता. इंग्रज गेल्यावर सरकारी नोकऱ्यांचं काय होईल, ही काळजीही होतीच.

तिकडे वाट्याला आली ती बेर्शेबा, दिमोना यांसारखी वाळवंटातली गावं. मुंबईत कारकुनी केलेल्या माणसाच्या हाती फावडं आलं. भाषा हिब्रू, आणि वरचे अधिकारी बहुतेक युरोपातून आलेले. रंगावरून भेदभाव होतो अशा तक्रारी सुरू झाल्या. 1951 च्या अखेरीस बेर्शेबातल्या काही जणांनी तेल अवीवमध्ये धरणं धरलं: आम्हाला भारतात परत पाठवा. 1952 मध्ये दीडशेच्या आसपास माणसं खरोखर परत आली. आणि त्यातल्या बहुतेकांना पुढे पुन्हा इस्रायलला जावंसं वाटलं. याला कुणी धरसोड म्हणेल. मी म्हणणार नाही. दोन्हीकडे आपलं घर आहे असं वाटणाऱ्या माणसाला दोन्हीकडून ओढ बसते, हे तुमच्यातल्या पुष्कळांना मी समजावून सांगायला नको.

खरा पेच त्यानंतरचा. इस्रायलमध्ये ज्यूंची लग्नं धर्मपीठाच्या हाती आहेत. काही रब्बी बेने इस्रायलांची लग्नं लावायला तयार होईनात. त्यांचे आक्षेप असे: या लोकांनी शतकानुशतकं रब्बींच्या देखरेखीशिवाय संसार केले, मग त्यांचे घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते का? इतरांशी लग्नं झाली का? आणि निपुत्रिक वारलेल्या भावाच्या विधवेशी दिराने लग्न करायचं, नाहीतर विधी करून तिला मोकळं करायचं, हा नियम पाळला होता का? आता मघाची गोष्ट आठवा. विधवेचं लग्न टाळणं ही कोकणात शेजाऱ्यांत मान मिळवून देणारी रीत होती. घटस्फोटही त्या गावांत क्वचितच होत असणार. तरी जेरुसलेममध्ये संशय त्याच संसारांवर आला. एका समाजात मिसळण्यासाठी जे केलं, ते दुसऱ्या समाजात दारावर अडवायला कारण झालं.

1961 मध्ये मुख्य रब्बी मंडळाने या समाजाशी विवाहाला हरकत नाही असं ठरवलं खरं, पण 1962 च्या सूचनेत अर्जदाराच्या आईच्या बाजूची वंशावळ शक्य तितकी मागे जाऊन तपासा, असं लिहिलं. आणि त्यात बेने इस्रायल हे नाव घेतलं. रोह्याच्या घाण्यावर बसलेल्या खापरपणजीचा दाखला कुठून आणायचा? लोक चिडले. 1964 च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये बायकामुलांसह त्यांनी ठिय्या दिला. मला यात मुंबई दिसते. सत्याग्रहाच्या काळात वाढलेल्या माणसांना रस्त्यावर शांतपणे बसून राहण्यातली ताकद माहीत होती.

ऑगस्ट 1964 मध्ये संसदेचं खास अधिवेशन भरलं. पंतप्रधान लेवी एश्कोल यांचं सरकार होतं. बेने इस्रायल हे सर्वार्थाने ज्यू आहेत, वैयक्तिक कायद्याच्या बाबतीतही त्यांचे हक्क इतरांइतकेच आहेत, अशी भूमिका मांडली गेली. महिनाअखेरीस रब्बी मंडळाने सूचनेतून समाजाचं नाव काढलं आणि ज्यांच्याबद्दल शंका असेल अशा कुणालाही लागू होईल अशी मोघम भाषा घातली. म्हणजे तपासणी राहिली, पण एका समाजावरचा शिक्का गेला. काहींना हा विजय वाटला, काहींना तडजोड. माझं मत विचाराल तर शिक्का जाणं हीच मोठी गोष्ट होती.

नवागतांनी जुळवून घ्यावं, असं आपण सहज म्हणतो. या लोकांनी भाषा बदलली, धंदा बदलला, तेही दोनदा. दुसऱ्या खेपेला एवढं करून भागलं नाही, यजमानांनाही आपला नियम बदलावा लागला.

आज इस्रायलमध्ये बेने इस्रायल भारतातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त आहेत. इकडे महाराष्ट्र सरकारने 2016 साली ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा मोजायला काही हजार माणसं उरली होती. तिकडे नवस फेडताना मलिदा अजून होतो: गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची, फळं, आणि एलियाहू हन्नाबी, म्हणजे प्रेषित एलियाचं गाणं. हा प्रेषित कोकणात खंडाळ्याला येऊन गेला, तिथल्या खडकावर त्याची खूण आहे, अशी श्रद्धा आहे. लग्नाआधी मेंदी असते. तिथून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक निघालं. वाचणारे मुख्यतः भारतात शाळा शिकलेले, नातवंडांची भाषा हिब्रू. ती नातवंडं मराठी वाचत नाहीत, पण दिमोना, अश्दोद, लोद इथल्या मैदानांवर क्रिकेट खेळतात. त्या देशात क्रिकेट टिकलं ते मुख्यतः याच घरांमुळे, आणि शनिवार पाळणाऱ्या संघांचे सामने शनिवारी लावता येत नाहीत.