साधन या शब्दाचे दोन अर्थ

दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर गुरुग्राम मागे पडले की मानेसर लागते. मोटारींचे कारखाने आणि एनएसजी कमांडोंचा तळ यांमुळे हे नाव वर्तमानपत्रांत अधूनमधून येते. तिथल्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राच्या ग्रंथालयाचे नाव मात्र बातम्यांत येत नाही. जैवतंत्रज्ञान विभागाचे 'डेलकॉन' हे ई-ग्रंथालय २००९ साली सुरू झाले आणि त्याचा कारभार या केंद्राकडे आला. मागची कल्पना साधी होती. परदेशी शास्त्रीय नियतकालिके इतकी महाग असतात की एकट्या संस्थेला ती परवडत नाहीत; तेव्हा विभागाच्या सगळ्या संस्थांनी मिळून वर्गणी भरायची आणि मजकूर सर्वांना संगणकावर वाचता यायचा. पुणे विद्यापीठाच्या आवारातले राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र याच व्यवस्थेचे सभासद होते. म्हणजे पुण्यात प्रबंध लिहिणारा एखादा विद्यार्थी तळटीप देण्यासाठी मूळ लेख उघडून बघत असे, तेव्हा तो लेख त्याच्यापर्यंत पोचवण्याची तजवीज हरियाणातल्या एका कचेरीत झालेली असे.

अभ्यासपूर्ण लेखनाची 'साधने' म्हटले की आजच्या विद्यार्थ्याच्या डोळ्यांपुढे संगणकातली अवजारे येतात : संदर्भसूची आपोआप लावणारी झोटेरोसारखी प्रणाली, व्याकरण तपासणारा मदतनीस, साम्य मोजणारे सॉफ्टवेअर. मराठीत इतिहास लिहिणाऱ्यांच्या तोंडी याच शब्दाचा अर्थ वेगळा होता. वि. का. राजवाड्यांच्या खंडांचे नावच 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' असे आहे, आणि तिथे साधने म्हणजे मूळ कागद. एक अर्थ हत्याराचा, दुसरा पुराव्याचा. हे दोन अर्थ एका शब्दात नांदतात हा निव्वळ योगायोग नसावा. आपल्याकडच्या विद्याव्यवहाराचा गेल्या दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर लेखनाचे जे जे हत्यार टिकले ते वाचकाला पुराव्यापर्यंत नेणारे होते, असे दिसते. लेखकाचे कष्ट वाचवणे हा त्याचा आनुषंगिक लाभ. वाचकाला पडताळा घेता यावा, हे त्याचे खरे काम.

ही रीत इंग्रजी शिक्षणाबरोबर आली, असा समज आहे. तळटीप हा प्रकार त्या वाटेने आला हे खरे. पण लिहिलेल्या मजकुरावर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न मराठी दप्तरांना जुनाच होता. मोडीतले सरकारी पत्र संपले की शेवटच्या ओळीला लागून 'लेखनसीमा' किंवा 'मोर्तब सूद' असा लहान शिक्का उमटे, म्हणजे खाली कुणी पदरचे चार शब्द घालू नयेत. पत्र पोचले की त्यावर 'पैवस्ती' म्हणून पोचल्याची तारीख चढे. मूळ कागदाला अस्सल म्हणत. त्यावरून केलेली प्रत 'अस्सलबरहुकूम नक्कल' ठरली तरच तिला वजन. 'शिक्कामोर्तब' हा आपण रोज वापरतो तो शब्द या फडातूनच आला. कारकुनाचा हा काटेकोरपणा विद्येसाठी नव्हता, वतनाच्या आणि महसुलाच्या तंट्यांसाठी होता, हे मान्य. पण कागद बोलतो तो कशाच्या जोरावर, याची जाण त्या व्यवहारात पुरेपूर होती, आणि पुढच्या संशोधकांना ती आयती मिळाली.

ग्रँट डफचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली तीन खंडांत निघाला. त्यात तळटीपा भरपूर आहेत. कोणती माहिती कोणत्या मराठी हस्तलिखितातून घेतली तेही जागोजाग नोंदले आहे. आजच्या कोणत्याही परीक्षकाने संदर्भांसाठी त्याला पुरे गुण दिले असते. अडचण पुढेच आली. ज्या हस्तलिखितांच्या प्रती मुंबईच्या लिटररी सोसायटीकडे ठेवल्याचे डफ सांगतो, त्या नंतरच्या शोधकांना तिथे मिळाल्या नाहीत. त्याने त्या जाळल्या असा प्रवादही उठला. तो खरा मानायला पुरावा नाही. पण असा प्रवाद उठावा यातच त्या काळच्या वाचकाची घुसमट दिसते. तळटीप बोट दाखवते, पण बोटाच्या टोकाशी काहीच नाही! नीळकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७-६८च्या सुमारास विद्यार्थिदशेतच डफच्या ग्रंथावर टीका लिहिली आणि ती 'विविधज्ञानविस्तारा'त छापून आली. मराठी साधनांच्या आधारे एका मान्यवर ग्रंथाची झडती घेणारा हा निबंध विद्यार्थ्याने लिहिलेला होता, ही गोष्ट आज लेखनकौशल्याचे वर्ग घेणाऱ्यांनी ध्यानात ठेवावी अशी आहे. त्याच्याजवळ सूची लावणारे यंत्र नव्हते; 'हे तुम्ही कशावरून म्हणता?' हा प्रश्न होता. त्या प्रश्नातूनच १८७८ साली पुण्यात 'काव्येतिहाससंग्रह' मासिक निघाले आणि का. ना. साने प्रभृतींनी बखरी व पत्रे टीपांसह छापायला घेतली.

राजवाड्यांचा पहिला खंड १८९८चा. वाईत हाती लागलेल्या कागदांमधली १७५० ते १७६१ या काळातली पत्रे त्यात आहेत. त्यांत पानिपतच्या मोहिमेत सदाशिवरावभाऊंनी गोविंदपंत बुंदेल्यांना धाडलेली पत्रेही आहेत. जो मुलूख आज हरियाणा म्हणून ओळखला जातो तिथल्या छावण्यांमधून सुटलेले शब्द सव्वाशेहून अधिक वर्षांनी कृष्णाकाठी छापले जात होते. या खंडातले एखादे पत्र जवळून पाहिले की पद्धत कळते. पत्राच्या माथ्यावर 'लेखांक' आहे, म्हणजे त्याचा स्वतःचा क्रमांक. पत्राखाली बहुधा मुसलमानी महिन्याची चांद्र तारीख असते, 'छ' या खुणेने सुरू होणारी. साल मात्र बहुतेक वेळा नसतेच, कारण पत्र लिहिणाऱ्याला आणि वाचणाऱ्याला ते ठाऊक असे. मग संपादकाने मजकुरातली माणसे, मुक्काम, नद्यांचे उतार बघायचे, दुसऱ्या पत्रांशी ताडायचे आणि साल ठरवायचे. मूळ पत्रातली तारीख कोणती आणि संपादकाने काढलेली कोणती, हे वाचकाला कळलेच पाहिजे. आज कुणी 'राजवाडे, खंड १, लेखांक अमुक' असे लिहिले की कोल्हापुरातला वाचक आणि लंडनमधला वाचक एकाच पत्रावर बोट ठेवतात. लेखांक हे मराठी संशोधनाचे पहिले मोठे हत्यार. १९१०मध्ये राजवाड्यांनी खंडेराव मेहेंदळ्यांच्या साथीने पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ काढले, आणि एका माणसाची ही शिस्त संस्थेची झाली.

इथे एक आक्षेप हमखास येतो. राजवाडे स्वतः किती काटेकोर होते? त्यांच्या व्युत्पत्ती कित्येकदा कल्पनेच्या भराऱ्या आहेत, प्रस्तावनांमधले सिद्धान्त पुराव्याच्या पुढे धावतात, मतांचा आवेश तर विचारूच नका. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तरही त्यांच्याच खंडांत आहे. त्यांनी पत्रे जशीच्या तशी, क्रमांक घालून, सर्वांपुढे ठेवली; म्हणून त्यांचे निष्कर्ष खोडून काढण्याची सोय त्यांच्याच पुस्तकात झाली. त्र्यं. शं. शेजवलकरांनी १९४६ साली 'पानिपत : १७६१' लिहिले तेव्हा राजवाड्यांच्या मतांशी त्यांना बांधून घ्यावे लागले नाही, पत्रे मात्र त्यांना लागलीच. संशोधकाचे मत चुकले तरी त्याने ठेवलेली वाट चुकत नाही, ती अशी. अभ्यासपूर्ण लेखनात बरोबर असण्यापेक्षा तपासता येण्याजोगे असणे मोठे मानतात ते यासाठी.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातले महाभारताचे काम १९१९ साली सुरू झाले आणि चिकित्सक आवृत्ती १९६६मध्ये पुरी झाली. १९२५पासून वि. सी. सुखटणकर तिचे प्रमुख संपादक होते. देशभरच्या हजाराहून अधिक पोथ्या पाहायच्या आणि त्यांतले पाठभेद नोंदायचे, तेही लेखकाच्या स्मरणावर न सोडता. त्यासाठी त्यांनी चौकटी आखलेले ताव केले. वरच्या ओळीत प्रचलित पाठाचा श्लोक, एका चौकटीत एक अक्षर. खाली एकेका पोथीसाठी एकेक ओळ, आणि जिथे त्या पोथीत वेगळे अक्षर आहे तेवढेच त्या चौकटीत. हे ताव भरणाऱ्या पंडितांना श्लोक तोंडपाठ असतील. कामाच्या वेळी मात्र ती विद्या बाजूला ठेवून समोर दिसते ते अक्षरच लिहायचे होते. डेक्कन कॉलेजात १९४८ साली डॉ. सु. मं. कत्र्यांनी संस्कृतच्या ऐतिहासिक कोशाचे काम हाती घेतले, तिथे हत्यार होते कागदी चिठ्ठी. एका चिठ्ठीवर एक शब्द, तो ज्या वाक्यात आला ते वाक्य, ग्रंथाचे नाव आणि स्थळ. सुमारे दीड हजार ग्रंथांमधून अशा जवळजवळ एक कोट चिठ्ठ्या जमल्या. पहिला भाग १९७६मध्ये निघाला आणि काम अजून चालू आहे. विद्यार्थ्याला आज संगणकातल्या ज्या 'टॅग' आणि 'नोट्स'चे अप्रूप वाटते, त्यांचा आराखडा येरवड्याच्या त्या कपाटांत आधीच उभा होता.

कुणी म्हणेल, ही सारी महाकाय कामे. पदव्युत्तर वर्गात वीस पानांचा निबंध लिहिणाऱ्या मुलामुलींना त्यांचे काय? त्यांना स्वल्पविराम कुठे आणि प्रकाशनवर्ष कंसात की कंसाबाहेर, एवढेच सांगा. पण या नियमांचा इतिहासही हेच सांगतो. अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या ज्या एपीए पद्धतीने आज विद्यार्थी जेरीस येतात, ती १९२९ साली एका नियतकालिकातल्या सात पानी लेखातून सुरू झाली. लेखकागणिक वेगळी मांडणी असली की वाचणाऱ्याचा आणि संपादकाचा वेळ जातो, तो वाचावा, एवढाच हेतू. २००६मध्ये आलेल्या झोटेरोने त्या स्वल्पविरामांची हमाली आपल्याकडे घेतली, हे उत्तमच झाले. जे यंत्राला जमते ते यंत्राने करावे. मात्र पान उघडून पाहिले आहे की दुसऱ्याच्या सूचीतून उचलले आहे, हे झोटेरोला कळत नाही. राजवाड्यांच्या खंडातही कंपोझिटरला ते कळत नव्हते.

मग तपासणीही यंत्रावर सोपवावी, हा पुढचा युक्तिवाद. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध नियम केले : दहा टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही, साठ टक्क्यांच्या वर असेल तर विद्यार्थ्याची नोंदणीच रद्द. २०१९मध्ये 'शोधशुद्धी' योजनेतून साम्य मोजणारे सॉफ्टवेअर विद्यापीठांना पुरवले गेले. नियम आवश्यक होता, यात वाद नाही. पण साम्याची टक्केवारी सांगते की मजकूर दुसरीकडे आहे का. मजकूर खरा आहे का, हे ती सांगत नाही. परिणामी दहाच्या आत राहण्यासाठी वाक्ये फिरवून लिहिणे हेच एक कौशल्य होऊन बसते. २०२२च्या अखेरीस चॅटजीपीटी आले आणि ही फट आणखी रुंदावली. २०२३मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात वकिलांनी त्याच्याकडून घेतलेले निवाडे सादर केले. त्यांतले कित्येक अस्तित्वातच नव्हते. पाच हजार डॉलरचा दंड झाला. साम्य मोजणारे यंत्र तिथे असते तर ते मूग गिळून बसले असते, कारण नसलेल्या निवाड्याशी साम्य कशाचे निघणार? डफच्या वाचकांना न मिळालेले कागद निदान कधीकाळी होते. या संदर्भांच्या पाठीशी तेवढेही नव्हते.

शेवटचा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, आणि तो विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे. पडताळा घ्या म्हणणे सोपे. मूळ लेख वाचायला पैसे लागतात, आणि तालुक्याच्या महाविद्यालयात ते नसतात. हे खरे आहे, आणि म्हणूनच मानेसरचे ते ग्रंथालय या इतिहासात बसते. मंडळाने कागद एका छपराखाली आणले, भांडारकर संस्थेने पोथ्या, आणि डेलकॉनने नियतकालिके. तिन्ही ठिकाणी एकट्याला न झेपणारी गोष्ट संस्थेने उचलली. 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही केंद्राची योजना २०२५च्या सुरुवातीपासून याच विचाराचा विस्तार करू पाहते : तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके, सहा हजारांहून अधिक सरकारी संस्था. खासगी महाविद्यालये अजून बाहेर आहेत आणि मराठीतली जुनी नियतकालिके त्या यादीत नाहीत. हे काम महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी आणि ग्रंथालयांनी अंगावर घ्यायचे आहे. विद्यार्थ्याने मात्र त्याची वाट बघत बसू नये. निबंधाला शेवटची तळटीप घालण्याआधी त्याने एकच गोष्ट करावी : ज्या पानाचा क्रमांक आपण लिहिणार आहोत, ते पान एकदा उघडून वाचावे.