तळटीप : ‘बोरिवलीहून येणारी जुनी गाणी’

१. ‘बोरिवलीहून येणारी जुनी गाणी’ : लेखकाचा रोख आकाशवाणीच्या विविधभारती या सेवेकडे आहे. तिचे राष्ट्रीय केंद्र बोरिवली पश्चिमेला, गोराई रस्त्यावर आहे. सेवेचा जन्म मात्र ३ ऑक्टोबर १९५७चा आणि त्यामागे एक चुकलेले धोरण आहे. १९५२ मध्ये बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. शास्त्रीय संगीताला त्यांनी आकाशवाणीवर मानाचे स्थान दिले, हे त्यांचे ऋण मोठेच. पण चित्रपटगीतांना दार बंद झाले आणि श्रोत्यांनी काटा सरळ रेडिओ सिलोनवर नेला. अमीन सायानींची बिनाका गीतमाला तिथे त्याच वर्षाअखेरीस सुरू झाली. गेलेला श्रोता परत आणण्यासाठी विविधभारती निघाली. तिची घडी बसवली कवी पं. नरेंद्र शर्मा यांनी. शुभारंभाचे गीतही त्यांचेच, चाल अनिल विश्वास यांची, आवाज मन्ना डे यांचा. जाहिराती आल्या त्या पुढे, १९६७ मध्ये.

विविधभारतीच्या सकाळच्या ‘भूले बिसरे गीत’ या कार्यक्रमामुळे पन्नासच्या दशकाआधीचे कितीतरी गायक पुढच्या पिढ्यांच्या कानांवर पडले. रेकॉर्ड विकत घेणे ज्यांना परवडत नव्हते, त्यांच्या घरात हा ठेवा पोहोचला, हे आवर्जून नोंदवायला हवे. कार्यक्रमाच्या शेवटी सैगलचे गाणे लावण्याची लेखकाने सांगितलेली प्रथा मात्र रुजवली ती सिलोनच्या सकाळी साडेसातच्या कार्यक्रमाने. फर्माइशींच्या यादीत हटकून येणारे झुमरीतलैया हे गाव काल्पनिक नाही. ते आजच्या झारखंडात, कोडरमा जिल्ह्यात आहे, आणि एके काळी अभ्रकाच्या व्यापारासाठी प्रसिद्ध होते. — संपा.