समाजशास्त्र शाळेत केव्हा उतरणार?

मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग 1919 साली निघाला. पॅट्रिक गेडीस हे त्याचे पहिले प्राध्यापक; 1924 नंतर डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो नावारूपास आणला. पुण्यास डेक्कन कॉलेजात 1939 पासून इरावतीबाई कर्वे यांनी हाच विषय शिकविला. पुढे तो अकरावी-बारावीच्या कलाशाखेपर्यंत खाली आला, तोही ऐच्छिक म्हणून. तेथेच त्याची पायरी थांबली. दहावी करून जो मुलगा बोटीवर किंवा कारखान्यात जातो, त्याला ज्या समाजात जन्मभर राबायचे त्याचे शास्त्र शाळेत भेटतच नाही.

हे त्या वयाला झेपणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी भाईंदरजवळचे चौक गाव पाहावे. इतिहासाला चौक ठाऊक आहे तो धारावीच्या किल्ल्यामुळे. मराठ्यांनी तो 1739 च्या मार्चमध्ये घेतला आणि मे महिन्यात वसई पडली. परीक्षेस एवढे पुरते. पण किल्ल्याच्या पायथ्याशी राहणारी माणसे कोण? येथले बरेच कोळी ख्रिस्ती आहेत. 1534 नंतरच्या पोर्तुगीज अमलात या पट्ट्यातील अनेक कुळे ख्रिस्ती झाली. पण त्यांचे जाळे सुटले नाही आणि मराठी बोलीही सुटली नाही. पुढे पोर्तुगीज गेले, तरी धर्म राहिला. राज्य पालटते तेव्हा समाजातले काय पालटते आणि काय टिकते? हा प्रश्न नववीच्या मुलाला का विचारू नये?

दुसरे उदाहरण नावाचे. मुंबईत नोकऱ्यांसाठी गोवा-मंगळूरकडचे ख्रिस्ती लोक येऊ लागले. आडनावे सर्वांचीच पोर्तुगीज. तेव्हा आपले वेगळेपण सरकारच्या नजरेत भरावे म्हणून मुंबई, साष्टी आणि वसईच्या ख्रिस्ती समाजाने 1887 साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव धारण केले. मित्रहो, जमातीच्या नावामागे रोजगाराची स्पर्धाही असते. कामगार चळवळीत आम्ही हे नित्य पाहतो : कामे थोडी आणि हात फार झाले, की ‘आपले’ आणि ‘बाहेरचे’ यांची मोजदाद सुरू होते.

हे ज्ञान विद्यापीठाची वाट पाहत थांबले नव्हते. महात्मा फुले यांनी 1883 साली ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून कुणब्याच्या दारिद्र्याची कारणे रूढी, कर्ज आणि कचेरी यांत शोधली. त्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या. आधी कारण समजले, मग संघटना उभी राहिली.

म्हणून नववीपासून आठवड्याला एक तास या विषयाला मिळावा. पुस्तक जाड नको. बोट कोणाची, म्हावऱ्याचा वाटा कसा पडतो, भांडवल कोण देतो, बाजारात विकायला बायकाच का बसतात, एवढे मुलांनी आपल्याच बंदरावर विचारून लिहून आणावे. असे लिहून आणणारा मुलगा पुढे कमी मजुरीला नशीब म्हणण्यापूर्वी हिशेब मागील.